लबाडी कुणाच्या बाजूची

नवा डाव मांडायला बसलं की स्ट्रॅटेजी गेम नकाशाच्याही आधी एक आगाऊ प्रश्न विचारतो: स्वतःला काय समजता, म्हणजे काठिण्यपातळी कुठली लावू? राज्य वसवून वाढवण्याच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाच्या 1991 सालच्या पहिल्या भागात या प्रश्नाला पाच उत्तरं होती, चीफटनपासून एम्पररपर्यंत. 2016 सालच्या सहाव्या भागात ती आठ झाली. तळाला सेटलर, टोकाला डेइटी, म्हणजे थेट देवच. मधल्या पायऱ्यांवर वॉरलॉर्ड, प्रिन्स, किंग अशी मंडळी मानाप्रमाणे बसवलेली. ही उतरंड बघून कुणालाही वाटेल की जसजसं वर जावं तसतसा समोरचा हुशार होत जाणार.

तसं काही होत नाही.

सहाव्या भागात प्रिन्सवर दोन्ही बाजू साधारण सारख्या असतात. तिथून वर प्रत्येक पायरीला संगणकाच्या उत्पादनात आणि सोन्यात 20 टक्क्यांची भर पडते, आणि लढाईत त्याच्या प्रत्येक तुकडीला एक गुण जादा मिळतो. डेइटीला पोचेपर्यंत ही भर 80 टक्के आणि चार गुणांवर जाते. शिवाय सुरुवातीला तुमच्याकडे वस्ती वसवणारं पथक एक, त्याच्याकडे तीन. तुमच्या राजधानीचा पाया घातला जातोय तोवर शेजाऱ्याची तीन शहरं होण्याच्या बेतात असतात. डोकं मात्र तेच. आपला तिरंदाज तटबंदीसमोर उघड्यावर आणून उभा करण्याचा त्याचा बावळटपणा प्रिन्सवरही असतो आणि डेइटीवरही. फरक एवढाच की डेइटीवर तो तिरंदाज मेला तरी त्याला परवडतो.

बुद्धिबळात दुखणं उलटं आहे. 1997 मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं, आणि आज साध्या फोनवर फुकट चालणारं ‘स्टॉकफिश’ कुठल्याही माणसाला भारी आहे. तिथे यंत्र फार चांगलं खेळतं, हीच पंचाईत. म्हणून त्याला 0 ते 20 अशी कौशल्याची पट्टी दिली आहे. पट्टी खाली ओढली की ते बऱ्या चालींच्या गठ्ठ्यातून मधूनच एखादी जरा वाईट चाल उचलतं. म्हणजे डाव सोपा करायचा तर यंत्राला चुकायला शिकवावं लागतं. आणि शिकवून केलेली चूक ओळखू येते. वीस चाली अभेद्य खेळून एकविसाव्या चालीला उंट फुकट देणारा माणूस मी तरी बघितलेला नाही.

पण बुद्धिबळाचा पट 64 घरांचा, मोहरी मोजकी, सगळं डोळ्यांसमोर. सिव्हिलायझेशनसारख्या खेळात हजारो षटकोनांचा नकाशा, त्यातला बराचसा अंधारात, एका पाळीत शहरं, तुकड्या, करार, संशोधन, धर्म, व्यापार, आणि आज घेतलेल्या निर्णयाचं फळ शंभर पाळ्यांनी दिसणार. बरं, हा सगळा विचार काही सेकंदांत उरकायचा, कारण ‘नेक्स्ट टर्न’ दाबून माणूस वाट बघत बसलेला असतो. इथे यंत्राला हुशार करणं अवघड, श्रीमंत करणं सोपं. त्यातून आणखी एक अडचण अशी, की यंत्र खरोखरच जिंकायला खेळू लागलं तर ते लोकांना आवडेल याचीही खात्री नाही. चौथ्या भागाचा मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन याने 2008 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये या विषयावर भाषण दिलं, आणि त्याचं शीर्षकच ‘प्लेइंग टू लूज’ असं ठेवलं. समोरच्याने हरायचंय, फक्त रंगतदार हरायचंय, हा या धंद्यातला उघड करार आहे.

तर मग काठिण्यपातळीची पट्टी सरकवताना आपण नक्की काय सरकवत असतो? इतकी वर्षं हे खेळ खेळल्यावर माझं मत असं झालंय की ती लबाडीची पट्टी आहे. मधे कुठेतरी एक बिंदू असतो, जिथे दोघांना सारखे नियम लागू असतात. तिथून वर गेलं की लबाडी त्याच्या बाजूने, खाली आलं की माझ्या. कुठली पातळी लावायची हा प्रश्न म्हणूनच मला हिमतीचा कमी आणि आवडीनिवडीचा जास्त वाटतो. कुठली लबाडी आपल्याला सहन होते, आणि कुठली होत नाही?

वरची आधी बघू.

माझा भाचा डेइटीच्या खाली उतरत नाही. माझ्या खांद्यावरून डोकावून एकदा म्हणाला, “मावशी, तू अजून किंगवरच?” आवाजात जी काळजी होती ती माझ्या तब्येतीच्या चौकशीतही नसते. मग त्याने मला त्याचा डाव दाखवला. राजधानी वसवल्याबरोबर गोफणवाला. मग आणखी एक गोफणवाला. मग तिसरा. टेहळ्याला पूर्वेच्या टेकडीमागे शेजाऱ्याची सीमा दिसली होती, आणि शेजारी एवढ्या जवळ म्हणजे त्याची योद्ध्यांची टोळी केव्हाही येणार हे ठरलेलं. वस्ती वाढवायचं पथक नंतर, मंदिर नंतर, सगळं नंतर. नदी आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवर तीन गोफणवाले उभे करायचे, सोनं जपून ठेवायचं, धनुर्विद्येचं संशोधन पूर्ण झालं की त्याच पाळीत तिघांचे तिरंदाज करायचे. टोळी आली. वाटेत एका वेळी दोनच योद्धे मावत होते. भाच्याने ती अर्धी कापली, उरलेली पळाली, आणि मग त्याने शेजाऱ्याचं जवळचं शहर घेतलं. बघायला फार सुंदर होतं ते. हात शिवशिवावेत असं.

“आता दुसऱ्या नकाशावर काय करशील?” मी विचारलं.

“हेच,” तो म्हणाला.

इथे माझं घोडं अडतं. डेइटीवर समोरच्याला सुरुवातीला एवढं आंदण मिळालेलं असतं की टिकून राहण्याचे दोन-तीनच रस्ते उरतात. स्टोनहेंजसारखं, अख्ख्या डावात एकालाच बांधता येणारं आश्चर्य बांधायला घ्यावं तर आपलं निम्मं होतं न होतं तोच ते दुसऱ्याच कुणाच्या तरी राज्यात उभं राहिल्याची बातमी येते. इतर पातळ्यांवर ज्या पंधरा गोष्टी करून बघता येतात, त्यातल्या बारा इथे आत्मघात ठरतात. वर आणखी गंमत अशी, की अवघड भाग सगळा पुढेच असतो. पहिल्या शे-सव्वाशे पाळ्या तगलात तर पुढे यंत्राची ती 80 टक्क्यांची श्रीमंती त्याच्या अकलेला पुरी पडत नाही. आपण त्याला गाठतो, मागे टाकतो, आणि मग जिंकल्याचा शिक्का बसेपर्यंत शे-दीडशे वेळा ‘नेक्स्ट टर्न’ दाबत राहतो. सगळ्यात वरच्या पातळीवरचा उत्तरार्ध हा माझ्या मते या खेळातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे. भाच्याला हे मान्य नाही. तो बहुतेक डाव मध्यावर सोडून नवा मांडतो, म्हणून त्याला कंटाळा भेटत नसावा.

तरीही वरच्या लबाडीबद्दल एक गोष्ट तिच्या बाजूने बोलायला हवी. ती तोंडावर केलेली असते. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’चा 1999 सालचा तिसरा भाग याचा नमुना आहे. सोप्या पातळीवर सुरुवातीला 30,000 सोनं मिळतं, नॉर्मलला 20,000, हार्डला 15,000, एक्स्पर्टला 10,000 आणि इम्पॉसिबलला शून्य. लाकूड शून्य, धातू शून्य, सगळं शून्य. आणि शेवटी गुण मोजताना त्याच क्रमाने 80, 100, 130, 160 आणि 200 टक्के धरतात. म्हणजे दुकान उघडण्याआधीच हिशोबाची वही समोर ठेवलेली. इम्पॉसिबलवर पहिल्या आठवड्यात काय करायचं हा प्रश्नच वेगळा होतो. गढीची इमारत वाढवायला दमडी नाही, म्हणून असलेल्या मूठभर सैनिकांनिशी सोन्याची खाण राखणाऱ्या प्राण्यांवर चालून जायचं का? गेले तर आठवडा गेला. मिळाली तर रोजचे 1,000. अशा अडचणीत एक स्वच्छपणा आहे. कुणी काही लपवलेलं नाही, तुम्हीच तोंड वर करून मागितलं होतं.

खालची लबाडी अशी नसते. ती गुपचूप असते, आणि प्रेमाने केलेली असते.

‘एक्सकॉम’ खेळलेल्या प्रत्येकाला हे दृश्य पाठ असेल. सैनिक बुटक्या भिंतीआड. समोर परग्रहवासी, अगदी जवळ, अर्धवट उघडा. पडद्यावर आकडा: 85 टक्के. कॅमेरा सैनिकाच्या खांद्यामागे सरकतो, बंदूक उठते, गोळी सुटते आणि बाजूच्या पिंपाला लागते. त्या क्षणी अख्खं संभाव्यताशास्त्र खोटं वाटतं. 85 म्हणजे माणसाच्या पोटात ‘नक्की’. खरं तर 85 टक्क्यांच्या चार गोळ्या मारल्या तर चारही लागण्याची शक्यता जेमतेम 52 टक्के आहे. हे कागदावर मांडून दाखवलं तरी पोटाला पटत नाही.

रचनाकारांना हे पोट चांगलं ठाऊक आहे. ‘सिव्हिलायझेशन’चा जनक सिड मायर याने 2010 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात सांगितलं होतं की त्यांच्या चाचण्यांमध्ये तीनास एक अशी बाजू वरचढ असताना हरलेला खेळाडू तक्रार करायचा: तीन किती मोठे आहेत, एक किती लहान, मी हरेनच कसा? तोच खेळाडू एकास तीन असताना जिंकला तर मात्र चकार शब्द काढायचा नाही. ती त्याची कर्तबगारी. पुढची गंमत याहून मोठी. दोनास एक असताना कधीमधी हरणं लोकांना चालायचं, पण वीसास दहा असताना नाही, कारण वीस म्हणजे दहापेक्षा तब्बल दहाने जास्त! गुणोत्तर तेच, कळ मात्र वेगळी. मग त्यांनी गणित माणसांच्या कलाने वाकवलं.

वाकवण्याच्या तऱ्हा अनेक. ‘एक्सकॉम 2’ मध्ये सगळ्यात वरची लेजंड पातळी सोडली, तर खालच्या पातळ्यांवर तुमचे नेम चुकत गेले की पुढच्या नेमाची शक्यता आतल्या आत वाढवली जाते. पडद्यावरचा आकडा हलत नाही. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत तर 2002 पासून काही भागांत एक साधा, देखणा डाव होता. घाव लागला की नाही हे ठरवायला एक यादृच्छिक संख्या काढण्याऐवजी दोन काढायच्या आणि त्यांची सरासरी धरायची. सरासरी नेहमी मध्याकडे ओढली जाते, त्यामुळे 90 टक्के दिसणारा घाव प्रत्यक्षात 98 टक्के लागतो, 70 दिसणारा 82 टक्के, आणि 30 दिसणारा जेमतेम 18 टक्के. सूत्र शत्रूलाही तेच लागू आहे, त्यामुळे वरवर यात पक्षपात नाही. पण आपल्या निवडक शूरांचे आकडे बहुधा मोठे असतात आणि शत्रूच्या भाडोत्री गर्दीचे लहान. तराजू कुणाकडे झुकणार हे निराळं सांगायला नको.

ही युक्ती कळल्यावर मला तिचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी ती खटकलीही, आणि दोन्ही भावना अजून शिल्लक आहेत. मला खेळात लिंबूटिंबू घ्यायला हरकत नाही. नवा खेळ, अवघड नकाशा, डोकं थकलेलं, अशा वेळी मी आपणहून लिंबूटिंबू होते. पण लिंबूटिंबूला आपण लिंबूटिंबू आहोत हे ठाऊक नसणं ही वेगळी गोष्ट. पकडलं तरी राज्य येत नाही, आणि तो बिचारा आपल्याच पायांच्या वेगावर खूश. स्ट्रॅटेजीच्या खेळात माझी सगळी मौज ‘हे असं का झालं’ हे उलगडण्यात आहे. आकडाच खोटा असेल तर मी उलगडतेय काय? मी चांगली जागा निवडली म्हणून नेम लागला, की आधीचे दोन चुकले म्हणून कुणीतरी मागून हात धरला? डाव जिंकते, पण त्यातून शिकण्यासारखं हाताला काही लागत नाही.

भाच्याचं याबाबतचं म्हणणं साधं आहे: “मग तू लेजंड लाव ना.” लेजंडवर मदत बंद, हे खरं. पण तिथे मदतीबरोबर इतरही बरंच बदलतं. शत्रू दणकट होतात, सगळ्या कामांना वेळ जास्त लागतो. मला खरा आकडा हवाय, मार नकोय. हे दोन एकाच पट्टीला का बांधावेत, हा माझा जुना प्रश्न आहे.

आकडा आणि पाटी यांचं नातं किती लवचीक असतं, याचा सगळ्यात मजेदार पुरावा ‘एक्सकॉम’च्याच आजोबांकडे आहे. 1994 सालच्या मूळ खेळात पाच पातळ्या होत्या, बिगिनरपासून सुपरह्यूमनपर्यंत. डॉसवरच्या आवृत्तीत एक चूक राहून गेली होती. तुम्ही कुठलीही पातळी निवडा, पहिली मोहीम संपली की खेळ चुपचाप बिगिनरवर यायचा. पडद्यावर काहीच कळायचं नाही. जगभरातले रथी-महारथी सुपरह्यूमन लावून पृथ्वी वाचवत होते आणि प्रत्यक्षात खेळत होते सगळ्यात सोपी पातळी. मग अनुभवी लोकांनी तक्रार केली की वरची पातळीसुद्धा फारच सोपी आहे. निर्मात्यांनी ती मनावर घेतली आणि 1995 सालचा पुढचा भाग, ‘टेरर फ्रॉम द डीप’, आणखी कठीण केला. तो आजही क्रूर म्हणून ओळखला जातो. एका न दिसलेल्या चुकीपायी हजारो लोकांनी समुद्राच्या तळाशी निष्कारण मार खाल्ला.

मला या किश्शात सगळ्यात आवडते ती मधल्या काळातली धाकधूक. सुपरह्यूमनवर खेळतोय अशा समजुतीने जो दाराआडून हळूच डोकावत होता, धुराचा गोळा टाकल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नव्हता, त्याची भीती खोटी होती का? शत्रू बिगिनरचे होते, सावधपणा मात्र सुपरह्यूमनचा. काठिण्य निम्मं पाटीवरच असतं म्हणायचं.

उरलेल्या निम्म्यातलं बरंचसं सेव्ह आणि लोड या दोन बटणांत असतं. पातळी कितीही वरची लावा, गोळी चुकली की मागची सेव्ह उघडणाऱ्याला काय फरक पडतो? 2012 सालच्या ‘एक्सकॉम’ने यावर खुबीदार उपाय केला. नशिबाचे फासे सेव्हमध्येच बांधून ठेवले. पुन्हा उघडून तोच नेम धरला तर तो पुन्हा चुकणार. वेगळा निकाल हवा तर वेगळं काहीतरी करावं लागतं, आधी दुसऱ्या सैनिकाला हलवावं लागतं, म्हणजे थोडा तरी विचार आलाच. आणि ज्यांना स्वतःचा भरवसा नाही त्यांच्यासाठी ‘आयर्नमॅन’: एकच सेव्ह, मागे जाणं नाही. कडेलोट होणार असेल तर तो आपल्या डोळ्यांदेखत.

‘फायर एम्ब्लेम’ने 1990 पासून हा कडेलोट खेळाच्या गाभ्यातच ठेवला होता. माणूस मेला की मेला. पुढच्या प्रकरणात त्याचं नाव नाही, त्याचे संवाद नाहीत. 2010 मध्ये फक्त जपानमध्ये निघालेल्या भागाने पहिल्यांदा ‘कॅज्युअल’ हा पर्याय दिला, जिथे पडलेला गडी लढाई संपली की उठून उभा राहतो. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती दोन पट्ट्यांची फारकत. शत्रू किती कठीण हे एका पट्टीवर, मरण किती पक्कं हे दुसरीवर. भरपूर कठीण शत्रू आणि कच्चं मरण अशी जोडी लावली की मी धाडसी खेळते. वाट फोडायला उडत्या घोड्यावरचा स्वार पुढे घालते. हलके शत्रू आणि पक्कं मरण लावलं की तोच स्वार मी तीन पाळ्या झाडीत लपवून ठेवते, कारण धनुष्य घेऊन आलेला कुणी फडतूस शत्रूही 6 टक्क्यांचा घाव लागताच त्याला दुप्पट-तिप्पट इजा करून जाऊ शकतो. दोन्ही वेळा मी विचार करते. विचाराचा पोत वेगळा असतो. 2019 सालच्या ‘थ्री हाउसेस’मध्ये चालू डावातही पातळी बदलता येते, पण एकाच दिशेने. क्लासिकवरून, म्हणजे पक्क्या मरणावरून, कॅज्युअलला उतरता येतं, उलट चढता येत नाही. त्या बटणावर बोट ठेवताना थोडंसं सही करायला सांगितल्यासारखं वाटतं.

प्रामाणिक काठिण्य असूच शकत नाही असं नाही. ‘इन्टू द ब्रीच’ हा 2018 सालचा खेळ 8 बाय 8 चौकटींवर चालतो, म्हणजे बुद्धिबळाएवढाच पट. तिथे शत्रू म्हणजे राक्षसी किडे, आणि प्रत्येक किडा आपण काय करणार ते आधी सांगतो: मी या इमारतीवर हल्ला करणार, हा बाण बघा. मग तुमची पाळी. कुठलाच फटका चुकत नाही. इमारतीला मार न लागण्याची थोडी शक्यता सोडली तर नशिबाचा भाग त्या पाळीत जवळपास नाहीच. हार्ड लावलं की किडे वाढतात आणि दांडगे होतात, पण लपवत कुणीच काही नाही. हरलात तर तुमची तीन लढाऊ यंत्रं, त्यांच्या चाली आणि तुम्ही, एवढेच साक्षीदार. 2022 मध्ये त्यांनी वर एक पातळी वाढवली आणि तिचं नाव सरळ ‘अनफेअर’ ठेवलं. एवढा सभ्यपणा मला पुरे.

‘स्ले द स्पायर’ या पत्त्यांच्या खेळाने काठिण्याचा जिना केला. जिंकलात की एक पायरी वर, अशा 20 पायऱ्या. प्रत्येक पायरीला एकच बदल, तोही आधी लिहून दिलेला. पहिल्या पायरीवर दांडगे शत्रू जास्त वेळा भेटतात, विसाव्या पायरीवर तिसऱ्या अंकाच्या शेवटी एकाऐवजी दोन म्होरके. मला खरी गोम दिसते ती सतराव्या ते एकोणिसाव्या पायरीत. तिथे आधी साधे शत्रू, मग दांडगे, मग म्होरके यांच्या चालीच बदलतात. आकडे फुगवण्याऐवजी समोरचा वेगळा खेळू लागतो. हे करणं फार कष्टाचं असणार, म्हणून ते शेवटच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवलं असावं. माझ्या हातात असतं तर मी ते पहिल्या पायरीला आणलं असतं.

सोप्या पातळ्यांना नावं ठेवण्याची, म्हणजे अक्षरशः नाव ठेवतानाच नावं ठेवण्याची खोड मात्र या धंद्याला फार. 1992 सालच्या ‘वोल्फेन्स्टाइन 3 डी’मध्ये सगळ्यात सोपी पातळी निवडली की नायकाच्या डोक्यावर तान्ह्या बाळाचं टोपडं यायचं. गंमत म्हणून ठीक. पण ‘गो’ या खेळात बघा. कमजोर खेळाडू डाव सुरू होण्याआधीच दोन ते नऊ सोंगट्या पटावर मांडतो, दोघांच्या दर्जात जेवढं अंतर तेवढ्या. कुणी टोपडं घालत नाही. बलवान खेळाडूही मग पूर्ण ताकदीने खेळतो, मुद्दाम वाईट चाल करत नाही. मदत पटावर मांडलेली, सगळ्यांना दिसणारी, मोजता येणारी. पुढच्या वेळी एक सोंगटी कमी झाली तर तेही दिसतं.

मी आता पातळीच्या यादीकडे शेवटी बघते. आधी बाकीच्या खुंट्या पिळते, कारण खरं काठिण्य तिथे लपलेलं असतं. सिव्हिलायझेशनमध्ये खेळाचा वेग घ्या. मॅरेथॉनवर सगळं बांधकाम आणि संशोधन संथ होतं, पण तुकड्यांची पावलं तेवढीच राहतात. त्यामुळे एक चांगली फौज जुनाट होण्याआधी दूरवर जाऊन दोन-तीन शहरं घेऊन येते. युद्ध जमणाऱ्याला ही मोठीच सवलत आहे, आणि पातळीच्या नावात ती कुठेही लिहिलेली नसते. रानटी टोळ्या बंद केल्या की पहिल्या पन्नास पाळ्यांची झोप परत मिळते. प्रतिस्पर्धी कमी करून नकाशा मोठा ठेवला की शेजारघरची भांडणं संपतात. आणि नकाशा एकसंध खंडाचा घेतला की बेटांचा, याने तर सगळंच बदलतं, कारण जमिनीवर पैशाच्या जोरावर माणसांत वावरणारं हे यंत्र समुद्रावर पार गोंधळतं. त्याला आरमार नीट बांधता येत नाही, सैन्य बोटींतून उतरवता येत नाही. किनाऱ्याला दोन बऱ्या गलबतांचा पहारा ठेवला की त्याच्या 60 टक्के जादा उत्पादनातून निघालेले घोडेस्वार पलीकडच्या वाळूवर नुसते येरझारा घालत बसतात.

गेल्या आठवड्यात मी इमॉर्टल लावलं. डेइटीच्या खालची पायरी. भाच्याला मुद्दाम स्क्रीनशॉट पाठवला. त्याने तो मोठा करून बघितला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला.

“मावशी, हा बेटांचा नकाशा आहे.”

“मग?”

“मग हे किंगच झालं ना. नाव फक्त इमॉर्टल.”

मी त्याला 1994 च्या सुपरह्यूमनवाल्यांची गोष्ट सांगितली. ती त्याने आपल्याच बाजूचा पुरावा म्हणून वापरली, आणि ते चुकीचंही नव्हतं. शेवटी असं ठरलं की पुढचा डाव दोघांनी एकाच संगणकावर, पाळीपाळीने, एकमेकांविरुद्ध खेळायचा. मी त्याच्याकडे एक जादा वस्तीचं पथक मागितलंय. तो म्हणतो, दोन योद्धे देतो, पथक नाही. वाटाघाटी चालू आहेत.